‘जातो’ म्हणणारा माणूस

माझ्या कादंबरीतला वाईट माणूस लोकांना आवडला, आणि तिथून माझी पंचाईत सुरू झाली.

तो रक्त पितो. त्याला मराठीत काय म्हणायचं यावर माझी आणि प्रकाशकांची दोन आठवडे चर्चा चालली होती. पिशाच्च म्हटलं तर ते पिंपळावर जाऊन बसतं. वेताळ म्हटलं तर लहान मुलांची गोष्ट वाटते. रक्तपिपासू म्हटलं तर निवडणुकीतलं भाषण. शेवटी मी त्याला काहीच म्हटलं नाही. पुस्तकभर तो नुसता ‘तो’ आहे. परळच्या एका बंद गिरणीच्या आवारात, कधीकाळी साहेबांसाठी बांधलेल्या बंगल्यात तो राहतो. उन्हात निघत नाही, त्याचं वय वाढत नाही, आणि बोलावल्याशिवाय तो कोणाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. जवळच्या हॉस्पिटलच्या रक्तपेढीत काम करणाऱ्या एका बाईच्या जिवावर तो जगतो. मुदत संपलेल्या पिशव्या ती त्याला आणून देते, नंतर नंतर स्वतःचा हात पुढे करते, आणि वाळत जाते. खलनायक कोण, याबद्दल लिहिताना मला शंका नव्हती.

वाचकांना होती.

माझी आई परळच्या एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. मी आठ वर्षांची असताना वडील आम्हाला सोडून गेले. या दोन वाक्यांवरून तुम्हाला जे कळलं ते आईला कळू नये, एवढीच पुस्तक आल्यापासून माझी धडपड होती. त्यातली बाई म्हणजे आई, हे कळलं असतं तरी चाललं असतं. तो माणूस म्हणजे वडील, आणि मी त्यांना लोकांचा जीव जडेल असं लिहिलंय, हे कळायला नको होतं. ज्या माणसाचा विषय आमच्या घरात सोळा वर्षं कोणी काढला नाही, त्याची बाजू मुलीने छापून आणली, असं तिला वाटलं असतं. आणि तिचं चुकलं असं म्हणता आलं नसतं.

म्हणून मी तिला सांगितलं होतं, “भुताची गोष्ट आहे.”

“बरं,” आई म्हणाली. “भुताटकीचे पैसे देतात हे माहीत नव्हतं मला.”

एवढंच. तिने पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं, मागचा माझा फोटो पाहिला, “केस तरी नीट विंचरायचे होतेस गो,” म्हणाली आणि ते टीव्हीच्या बाजूला ठेवलं. आम्ही फणसवाडीत राहतो, चाळीत, दोन खोल्या आणि वर पोटमाळा. टीव्हीच्या बाजूची जागा म्हणजे घरात येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेसमोरची जागा. मी दुसऱ्या दिवशी पुस्तक तिथून उचललं आणि माझ्या कपाटात ठेवलं. संध्याकाळी ते परत टीव्हीच्या बाजूला होतं. ते कोणी ठेवलं हे मी विचारलं नाही. मी विचारत नाही, बघते. लहानपणापासून तसंच आहे. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, आणि दोन्हीकडे शक्यतो गप्प.

प्रतिक्रिया यायला लागल्या तशी मी प्रत्येक वाचकाकडे संशयाने बघू लागले. शेजारच्या वाडीत एक म्हाताऱ्या ख्रिश्चन आंटी राहतात. त्यांच्या कित्येक पिढ्या इथल्याच. मी लहान असताना ख्रिसमसला त्या करंज्यांचं ताट पाठवायच्या, अजून पाठवतात. मराठी पुस्तक त्यांनी त्यांच्या सुनेकडून वाचवून घेतलं आणि मला गॅलरीतूनच हाक मारली.

“बाय, तुझा तो मानूस रक्त पितो, पन वाईट नाय!”

“वाईटच आहे, आंटी.”

“नाय नाय. क्रॉस बघून पलाला नाय, ते मला आवडला. पलनारा मानूस नाय तो.” मग जरा थांबून, डोळे बारीक करून, “कोन हाय गं तो?”

“कोणी नाही. मनातला.”

“मनात असा कोन येतो उगाच!” आंटी हसल्या. मी हसले नाही. आंटींनी माझ्या वडिलांना पाहिलेलं होतं.

चाळीतल्या एका काकूंनी जिन्यात अडवून विचारलं, “पार्ट टू कधी? त्याला जिवंत ठेवलायस म्हणजे पार्ट टू असणारच.” कॉलेजच्या एका मुलीने पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो टाकून खाली लिहिलं, ‘निदान हा विचारून तरी रक्त पितो.’ त्याला पुष्कळ लोकांनी हृदयं दिली. डोंबिवलीच्या एका गृहस्थांनी प्रकाशकांना पत्र पाठवलं की, नायकापेक्षा हा माणूस सभ्य आहे, लेखिकेने सभ्य माणसावर अन्याय केला आहे. नायक म्हणजे पोलीस इन्स्पेक्टर. मी त्याच्यावर फार मेहनत घेतली होती, पण त्याच्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

हे सगळं मी आईपासून लपवत होते. फोन आला की गॅलरीत जायचे. आई कणीक मळताना माझ्याकडे पाठ करून उभी असायची, आणि मला वाटायचं, ही पाठीने ऐकतेय.

एका शनिवारी मी दादरच्या एका वाचनालयात गेले आणि स्वतःचंच पुस्तक माझ्या कार्डावर घेऊन आले. मला त्यातल्या पेन्सिलच्या खुणा बघायच्या होत्या. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलने लिहायचं नाही अशी पाटी असते, आणि पाटीखाली बसूनच लोक लिहितात. माझ्या पुस्तकात तीन वेगवेगळी अक्षरं होती. एकाने त्या माणसाच्या वाक्यांखालीच रेघा मारल्या होत्या आणि दोन ठिकाणी ‘बिचारा’ लिहिलं होतं. दुसऱ्याने शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिलं होतं, ‘शेवट गंडलाय.’ तिसरं अक्षर वळणदार, शाळेत फळ्यावर लिहितात तसं. ते एकाच पानावर होतं. तो त्या बाईच्या घरातून कायमचा निघतो तो प्रसंग. ती स्वयंपाकघरात पीठ चाळत असते. तिच्या गालाला पीठ लागलेलं असतं, ते तो रुमालाने पुसतो, खिसे चाचपतो आणि दारात उभा राहून म्हणतो, “जातो.”

‘जातो’भोवती गोल होता. समासात लिहिलं होतं, ‘इंग्रजी माध्यम!! नाहीतर भाषांतर.’

मी पान घाईने उलटलं. कारण त्यातलं एक तर खरंच होतं, आणि दुसरंही अगदीच खोटं नव्हतं.

पहिली तीन प्रकरणं मी इंग्रजीत लिहिली होती. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, प्रकाशकांनाही नाही. इंग्रजीत हा प्रसंग मला अवघड गेला नाही. इंग्रजीत तो नुसता निघतो. निघायला एक क्रियापद पुरतं. मग कधीतरी मला वाटलं की या माणसांची भाषा ही नाही, आणि मी सगळं परत मराठीत लिहायला घेतलं. तेव्हा या दारापाशी मी अडकले. मराठीत घरातून निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो’ म्हणतो. हे मला माहीत होतं, इंग्रजी माध्यम असलं तरी. रोज शाळेला निघताना मीही ‘येते’च म्हणत होते. पण मला जे आठवत होतं ते ‘जातो’ होतं. रविवारची दुपार, चारचा सुमार. मी पोटमाळ्यावर झोपले आहे असं सगळ्यांना वाटत होतं. फळ्यांच्या फटीतून आईचं डोकं, पिठाची चाळण, वडिलांचे खांदे दिसत होते. त्यांनी रुमालाने तिच्या गालाचं पीठ पुसलं. खिसे चाचपले. आणि ‘जातो’ म्हणाले.

ते खोटं बोलले नाहीत, असं मला मोठी होताना वाटत आलं. वाईट वागले, पण खोटं बोलले नाहीत. परत येणार नव्हते, तर येतो म्हणाले नाहीत. तेवढ्या एका शब्दावर मी तो सबंध माणूस उभा केला होता. वाचकांना तो सभ्य वाटत होता तो तिथून.

दोन आठवड्यांनी प्रकाशकांचा फोन आला. पहिली आवृत्ती संपत आली होती. त्यांचा आवाज आनंदी होता आणि म्हणून मला संशय आला.

“एक छोटीशी गोष्ट,” ते म्हणाले. “दादरच्या वाचनालयात तुमच्या पुस्तकावर चर्चा ठेवलीय. तुम्ही यायचंय. तिथल्या एक बाई आहेत, निवृत्त शिक्षिका, शिवाजी पार्कला राहतात. त्यांचं म्हणणं आहे की हे भाषांतर आहे.”

“नाही.”

“मला माहीत आहे हो. पण लोक म्हणतायत. मला सरळ सांगा, कुठून उचललेलं वगैरे नाही ना? नाही, विचारावं लागतं.”

“नाही,” मी परत म्हणाले. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

“मग या आणि सांगा तसं.”

चर्चेचं मी आईला सांगितलं नाही. शनिवारी ऑफिसातून यायला उशीर होईल म्हणाले. आई त्या वेळी डबा घासत होती. ती म्हणाली, “तुझं ते पुस्तक वाचलं मी.”

मी दाराच्या कडीला हात लावून उभी राहिले. “कधी?”

“झाले पंधरा दिवस. आमच्याकडे डिपार्टमेंटमधे फिरतंय ते. तिघींनी वाचलं.” तिने डबा पालथा घातला. “मुदत संपलेली पिशवी अशी कोणाला घरी नेता येत नाही. आधी वाफेच्या मशीनमधे ऑटोक्लेव्ह होते, मग कचऱ्यात जाते. रजिस्टरला नोंद असते. तुझी ती बाई दुसऱ्या आठवड्यात सस्पेंड झाली असती.”

“बरं.”

“आणि फ्रिजबाहेर काढलेली पिशवी अर्ध्या तासात परत आत ठेवावी लागते. तुझा माणूस ती बंगल्यात टेबलावर ठेवून गप्पा मारत बसतो. इन्फेक्शनने गेला असता.”

“तो मरत नाही, आई. तसाच आहे तो.”

“हो, ते कळलं मला,” आई म्हणाली आणि ओला हात पदराला पुसत आत गेली. ते वाक्य मी दिवसभर ऑफिसात उलगडून बघत होते. काय कळलं?

शनिवारी पाच वाजता वाचनालयाच्या वरच्या हॉलमधे तीसेक लोक होते. प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढे एक टेबल, टेबलावर माझ्या पुस्तकाच्या दोन प्रती आणि बिस्किटांची बशी. प्रकाशक माझ्या बाजूला बसले होते. शिक्षिका बाई पहिल्या रांगेत होत्या, पांढरे केस, सुती साडी, पायात चालायचे बूट. त्यांच्या मांडीवर वाचनालयाची प्रत होती आणि तिच्यातून कागदाचे कपटे बाहेर डोकावत होते. त्यांचं अक्षर कसं असेल हे मला बघताक्षणी कळलं.

सुरुवातीला लोक त्या माणसाबद्दलच बोलले. एक काका म्हणाले, “अहो, गिरणीवाले याच्यापेक्षा जास्त रक्त प्यायले!” सगळे हसले. एक बाई म्हणाल्या, “त्या बाईनेच त्याला बिघडवलं असं मला वाटतं. कशाला हात पुढे करायचा?” त्यावर दुसऱ्या म्हणाल्या, “प्रेम असतं हो.” पहिल्या म्हणाल्या, “प्रेम असेल तर ॲनिमिया करून घ्यायचा का?” मी मान हलवत होते, हो आणि नाही दोन्ही वाटेल अशी.

आणि मग मला मागच्या रांगेत आई दिसली.

ड्युटीवरून थेट आली होती. मांडीवर तिची कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. तिने माझ्याकडे बघून काही केलं नाही. बिस्किटांची बशी फिरत तिच्यापर्यंत गेली तेव्हा तिने एक उचललं.

शिक्षिका बाई उभ्या राहिल्या. “बाळ, तू छान लिहिलंयस. मी मुद्दाम आधी सांगते. पण मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणून विचारते. हे मुळात मराठी नाही ना?”

“मराठीच आहे.”

“मग हा माणूस ‘जातो’ कसा म्हणतो?” त्यांनी कपट्याचं पान उघडलं. “आपल्याकडे घरातून निघताना जातो म्हणत नाहीत. ज्याला परत तोंड दाखवायचंच नाही तोही येतो म्हणतो. इथे एखाद्या इंग्रजाने टोपी घालावी तसा हा निघतो. आणि दुसरं सांगू? तुझ्या हातातून मोठी गंमत निसटली बघ. हा बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडू शकत नाही, बरोबर? आता, तो ‘येतो’ म्हणाला असता, तर ती काय म्हणाली असती?”

हॉलमधल्या चार-पाच बायका एकदम म्हणाल्या, “या!”

“या!” शिक्षिका बाईंनी टाळीच वाजवली. “म्हणजे निरोप देता देता तिने त्याला आमंत्रण दिलं! आता तो कधीही येऊ शकतो. जन्मभर दार उघडं. अशी मराठीतच होऊ शकते ती गोष्ट. आणि तू लिहिलंस ‘जातो’. म्हणून म्हणते, मूळ पुस्तक कुठलं आहे?”

लोक वाहवा करत होते. प्रकाशकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे झुकून कुजबुजले, “हे फर्स्ट क्लास आहे. दुसऱ्या आवृत्तीत टाकू.” मी समोर बघत होते. मला एकच उत्तर येत होतं: मी ऐकलंय ते. फटीतून. ते द्यायचं तर मागच्या रांगेतली बाई ते ऐकणार होती.

“मूळ पुस्तक नाही,” मी म्हणाले. “माझी चूक झाली. मी... माझी शाळा इंग्रजी होती. दुरुस्त करीन.”

“अगं, लाजू नकोस एवढी,” बाई समजुतीने म्हणाल्या आणि बसल्या. त्यांचा विश्वास बसला होता की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

मी खाली आले तेव्हा आई फाटकाशी उभी होती.

“तुला कसं कळलं?” मी विचारलं.

“आमच्यातल्या एकीने पोस्टर पाहिलं. ऑफिसात उशीर होणार होता ना तुला?”

आम्ही शिवाजी पार्कपर्यंत चालत गेलो. कट्ट्यावर एक जागा रिकामी होती तिथे आई बसली, म्हणून मीही बसले. समोर नेटमधे मुलं बॅटिंग करत होती आणि कोणाचे तरी वडील जाळीबाहेरून “एल्बो, एल्बो” ओरडत होते. आई बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती.

“ते भेटतात का तुला?” तिने विचारलं.

“कोण?”

“मला शिकवू नकोस. ते भेटतात का?”

माझ्या लक्षात आलं की आई अजून ‘ते’ म्हणते. सोळा वर्षांत ऐकलं नव्हतं, म्हणून माहीत नव्हतं.

“नाही. कधीच नाही.”

“मग पीठ कोणी सांगितलं?”

“काय?”

“गालाचं पीठ. रुमालाने पुसलं ते. तेव्हा खोलीत मी आणि ते, दोघंच होतो. मी कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या आईलासुद्धा नाही. म्हणजे त्यांनी सांगितलं तुला. फोनवर बोलतेस ना? गॅलरीत जाऊन जाऊन बोलतेस. मी बघत नाही असं वाटतं तुला? पुस्तक वाचल्यापासून बघतेय मी.”

गेले दोन महिने मी तिच्या पाठीवर संशय घेत होते. तिचा माझ्यावर होता. मला हसू आलं, आणि ते तिला दिसू नये म्हणून मी मान खाली घातली.

“मी पोटमाळ्यावर होते.”

“झोपली होतीस तू.”

“नव्हते.”

आईने माझ्याकडे वळून पाहिलं. मला वाटलं ती रागावेल. ती नुसती बघत राहिली, जसं एखाद्या पिशवीवरचं लेबल दोनदा वाचतात तसं.

“सगळं ऐकलंस?”

“फार काही बोललाच नाहीत तुम्ही. तू चाळत होतीस. त्यांनी पीठ पुसलं. मग ‘जातो’ म्हणाले.”

“येतो म्हणाले,” आई म्हणाली.

“नाही. जातो.”

“येतो म्हणाले गो. आणि मी ‘या’ म्हटलं.” तिने हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. “तुझ्या त्या मास्तरीणबाईंना बरोबर कळलं. मला वाटलं, ही बाई आपल्या घरात होती की काय.”

“मी ऐकलंय, आई.”

“तू वर होतीस. मी समोर होते.”

नेटमधला मुलगा बोल्ड झाला. वडील गप्प झाले. मी मनात परत ती दुपार लावून पाहिली, चाळण, खांदे, रुमाल. सगळं होतं, फक्त शब्द आता नीट ऐकू येत नव्हता. आठ वर्षांच्या मुलीने तो ऐकला होता, की परत न आल्यावर मागाहून तिथे बसवला होता? आणि आईने? तिला येतो हवा होता म्हणून तिने येतो ऐकला नसेल कशावरून? आम्ही दोघी एकाच खोलीतल्या साक्षीदार आणि दोघींच्या जबान्या वेगळ्या.

“तुला आठवतं, तू आठवीत होतीस,” आई म्हणाली. “मला परळला क्वार्टर मिळत होती.”

आठवत होतं. स्टाफ क्वार्टर. तिसरा मजला, आत संडास-बाथरूम. चाळीत आम्ही गॅलरीच्या टोकाला बादली घेऊन रांगेत उभ्या राहायचो. आईने नाही म्हणून कळवलं तेव्हा मी तिच्याशी चार दिवस बोलले नव्हते. तिने कारण दिलं होतं, माझी शाळा गिरगावात आहे.

“शाळा जवळ म्हणून नाही म्हटलंस ना?”

“परळहून गिरगाव किती लांब आहे?” आई म्हणाली. “मला वाटलं, आले तर कुठे शोधतील.”

मी कट्ट्यावर तिच्या जवळ सरकले.

“तुझा माणूस जातो म्हणतो,” ती म्हणाली. “सरळ तोंडावर. म्हणून लोकांना आवडतो तो. मलाही आवडला, खोटं कशाला बोलू. तसं मला कोणी म्हटलं असतं तर मी क्वार्टर घेतली असती, मिळाली त्याच दिवशी. तू त्याला माझ्या नवऱ्याशी जोडू नकोस. हा तो नाही.”

मग ती उठली, साडीची मागची धूळ झटकली आणि बस कुठून मिळेल ते विचारायला लागली.

सोमवारी मी प्रकाशकांना फोन केला आणि सांगितलं की ‘जातो’ आहे तसंच ठेवायचं आहे.

“अहो, काय बोलताय!” ते म्हणाले. “सगळ्या हॉलसमोर तुम्ही चूक कबूल केलीत. आणि त्या ‘या’ची आयडिया केवढी भारी आहे.”

“भारी आहे. पण हा माणूस तसा नाही. हा खोटं बोलत नाही.”

“लोक भाषांतर म्हणत राहतील.”

“म्हणू देत.”

आणि मग, का ते मला अजून कळत नाही, मी त्यांना सांगून टाकलं की पहिली तीन प्रकरणं आधी इंग्रजीत लिहिली होती. “माझीच आहेत ती,” मी म्हणाले. “हवी तर पाठवते.” पाठवा, ते म्हणाले. त्यांचा सूर सावध होता. मी त्याच दिवशी पाठवली. आठवड्याने त्यांचा मेसेज आला, ‘वाचलं. ठीक आहे. जातो ठेवू. तळटीप टाकायची का?’

तो मेसेज मी आईला वाचून दाखवला. पुस्तकाबद्दल तिला आपण होऊन काही सांगायची ही माझी पहिलीच वेळ. ती ड्युटीची साडी इस्त्री करत होती.

“तळटीप कशाला?” ती म्हणाली. “वाचत गेलं की कळतंच, आला नाही तो.”

“मग ‘नको’ कळवते.”

“हं.” तिने साडीची घडी फिरवली. “पण मला एक सांग. ती बाई शेवटपर्यंत त्याच घरात का राहते?”

मी फोन खाली ठेवला. दोन महिन्यांत शंभर लोकांनी मला त्या माणसाबद्दल विचारलं होतं. तो कोण, तो कुठे गेला, तो परत येणार का. त्या बाईबद्दल मला कोणी पहिल्यांदाच विचारत होतं. लिहिताना मी तिला तिथे ठेवली होती, टेबल-खुर्ची ठेवावी तशी, कारण तो गेला हे दिसायला कोणीतरी मागे उरलेलं लागतं.

“माहीत नाही,” मी म्हणाले.

“लिहिलंस तू आणि माहीत नाही?”

“तू सांग.”

आईने इस्त्रीचं बटण बंद केलं. तिने माझ्याकडे पाहिलं, सांगितलेलं उद्या छापून येणार नाही ना, हे ताडत असावी तसं. मग तिने खुर्ची ओढली आणि बसली.

“लिहून घेणार नसशील तर सांगते,” ती म्हणाली.

मी म्हणाले, नाही घेत. तिने जे सांगितलं ते इथे नाही.